सगळ्याचे मिळून ६० हजार?

प्रश्न : आमची नौपाड्यातली जुनी दोन मजली इमारत पुनर्विकासाला गेली आहे. मेअखेर घर रिकामं करून द्यायचं आहे. बाबा आधीच गेले, गेल्या वर्षी आईही गेली. घरात आजोबांच्या वेळचं फर्निचर आहे : कोरीव कामाचा चार खांबी शिसवी पलंग, बेल्जियम आरशाचं कपाट, लांब हातांची आरामखुर्ची (वेत फाटला आहे), एका खांबावरचं गोल टेबल आणि पितळी पट्ट्यांचा पेटारा. आजोबा जीआयपी रेल्वेत (आजची मध्य रेल्वे) होते. पलंग त्यांना एका गोऱ्या साहेबाने विलायतेला परत जाताना दिला, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी घोडबंदर रोडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहते, धाकटा भाऊ नेरुळला, बहीण पुण्यात. भावाने ओळखीतून जुनं फर्निचर घेणारा एक माणूस आणला. त्याने सगळ्याचे फोटो काढले (स्वयंपाकघरातल्या आईच्या डब्यांच्या कपाटाचेसुद्धा, ते तर अगदी साधं आहे) आणि सगळ्याचे मिळून ६० हजार सांगितले. भाऊ म्हणतो, देऊन टाकू. बहिणीला वाटतं, नुसता पलंगच दोन लाखांचा असेल. न्यू जर्सीचा चुलतभाऊ म्हणतो, पेटारा मला पाठवा. याची खरी किंमत कोण सांगेल? आणि विकण्याआधी सगळं पॉलिश करून घ्यावं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यात उशीर झाला तर बाकीच्या उत्तरांचा फारसा उपयोग राहणार नाही. पॉलिश करून घेऊ नका. कोणाला सांगून ठेवलं असेल तर आजच फोन करून थांबवा. त्या काळच्या लाकडावर बहुतेक वेळा चपड्याचं (लाखेचं) हातपॉलिश असतं. वर्षानुवर्षं हात लागून, पुसून पुसून त्याला जो रंग चढतो तो नव्याने आणता येत नाही. आजचा पॉलिशवाला मशीनने घासतो आणि वर मेलामाइन किंवा पीयू अशा चकचकीत रासायनिक लेपाचा थर देतो. कपाट चकाचक होतं, कोरीव पानांच्या कडा बोथट होतात, आणि जुन्या वस्तूला जुनी म्हणून पैसे मोजणारं गिऱ्हाईक दारातूनच परत जातं. मऊ सुती फडक्याने कोरडी धूळ पुसा, बस्स. रॉकेल नको, खोबरेल नको, आणि पेटाऱ्याच्या पट्ट्यांना पितांबरी लावायचा मोहही आवरा. अपवाद एकच : लाकडाखाली ताजं, बारीक पीठ पडत असेल तर आत भुंगा जिवंत आहे. ती वस्तू बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा. नुसती जुनी भोकं आहेत, पीठ पडत नाही, तर घाबरायचं कारण नाही.

आता ‘खरी किंमत’. तुमच्या त्या आरशाच्या कपाटाला निदान चार किमती आहेत आणि चारही खऱ्या आहेत.

सगळ्यात खालची वखारीची, म्हणजे नुसतं लाकूड म्हणून. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं. हिशेब कोणालाही जमेल असा आहे : सहा फूट लांब, दीड फूट रुंद आणि एक इंच जाड फळी म्हणजे पाऊण घनफूट. टेप घेऊन कपाटाच्या फळ्या आणि चौकट मोजा, बेरीज करा, जुनं लाकूड घेणाऱ्या वखारीत आजचा दर विचारा आणि गुणा. हा तळ. याच्याही खाली कोणी मागत असेल तर त्याच्याशी पुढचं बोलणंच करू नये. दुसरी किंमत व्यापारी तुमच्या घरी येऊन देतो ती. तिसरी त्याच वस्तूवर त्याच्या दुकानात लागणारी. या दोन्हींत मोठी तफावत असते आणि तिला लगेच लबाडी म्हणू नका. टेम्पो, हमाली, दुरुस्ती, गोदामाचं भाडं आणि गिऱ्हाईक येईपर्यंत अडकलेले पैसे हे सगळं त्यातूनच निघतं. चौथी किंमत विम्याची : उद्या हे जळालं तर तसंच दुसरं शोधून आणायला काय पडेल. ती साहजिकच सगळ्यांत चढी.

म्हणून भाऊ आणि बहीण दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. भावाच्या डोळ्यांसमोर दारातला भाव आहे, बहिणीने कदाचित कुठल्या तरी दुकानातली चिठ्ठी पाहिली आहे. भांडण होण्याआधी एवढं ठरवा की किंमत हवी कशाला. तुमच्या बाबतीत काही वस्तू विकायच्या आणि काही वाटून घ्यायच्या आहेत. दोन्हीसाठी लागते ती ‘मेअखेरपर्यंत हातात खरोखर किती येतील’ ही किंमत, म्हणजे दुसरी. दुकानातला भाव धरून वाटणी केली तर पलंग घेणाऱ्याला इतरांना जे द्यावं लागेल, ते त्याला पलंग विकूनही मिळणार नाही.

आणि आता त्या ६० हजारांकडे या. मला खटकला तो आकडा नव्हे, ‘सगळ्याचे मिळून’ हे शब्द. बाजारात भाजीचा वाटा लावतात तेव्हा वरची दोन वांगी बघून आपण वाटा उचलतो. इथे उलट आहे, घेणाऱ्याला वाट्यातली नेमकी कुठली दोन हवी आहेत ते त्याला ठाऊक आहे, तुम्हाला नाही. जुन्या घरात शिरलेला अनुभवी माणूस सहसा एक किंवा दोन वस्तूंसाठी सौदा करतो, बाकीचं त्यांच्या मागोमाग उचलतो. त्या एक-दोन वस्तू कोणत्या ते शोधण्याचा मार्ग सोपा आहे. त्याला वस्तूगणिक भाव लिहून मागा. तो टाळाटाळ करेल. मग एकेक वस्तू बाजूला काढून विचारा : “पलंग बहीण ठेवतेय, बाकीच्यांचे किती?” “बरं, टेबल मी नेते, मग?” पलंग काढल्यावर आकडा पाच हजारांनी उतरला आणि दुसरंच काही काढल्यावर निम्म्यावर आला, किंवा “मग मला काहीच नको” असं उत्तर आलं, तर किंमत कुठे दडली आहे ते त्यानेच सांगितलं.

माझा अंदाज विचाराल तर आधी आईच्या डब्यांचं कपाट बाजूला काढून बघा. तुमच्या पत्रातलं कंसातलं वाक्य मी दोनदा वाचलं. ‘अगदी साधं’ कपाट आहे तर त्याचे फोटो का काढले? कोपरे गोलाकार आहेत का? दारांवर लाकडाच्या पातळ पापुद्र्याची नक्षी, म्हणजे मधोमध उलटसुलट जुळवलेल्या रेषा आहेत का? मुठी लांबट, पायऱ्यापायऱ्यांच्या आहेत का? असं असेल तर ते १९३०-४०च्या दशकांतलं आर्ट डेको धाटणीचं असू शकतं. मरीन ड्राइव्हच्या इमारतींची जी शैली, तीच. २०१८ साली मुंबईच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. फर्निचर त्याच धाटणीचं, आटोपशीर, आजच्या हॉलमध्ये मावणारं आणि खालून साफ करता येईल इतकं जमिनीपासून उचललेलं असतं. त्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं. मी वस्तू पाहिलेली नाही, त्यामुळे पैज लावत नाही. पण कपाटातले डबे काढा आणि कपाट आधी नीट बघा.

वय आणि किंमत यांचा संबंध लोक समजतात तेवढा घट्ट नाही. चंदिगड वसवताना वास्तुकार पिएर जानेरेने सरकारी कचेऱ्यांसाठी सागवानी, वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या, १९५०-६०च्या दशकांत. पुढे त्या मोडक्या म्हणून भंगाराच्या भावात गेल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखोंनी विकल्या गेल्या. सरकारला जाग आली तोवर बऱ्याच गेल्या होत्या. दुसरीकडे खरोखर शंभरी ओलांडलेलं, अजस्र, तीन दारांचं कपाट महिनोन् महिने पडून राहतं, कारण ते ना लिफ्टमध्ये शिरतं ना बेडरूमच्या दारातून. वस्तू घ्यायच्या आधी लोक टेप काढतात, इतिहास नंतर विचारतात. हे तुमच्या घोडबंदर रोडच्या फ्लॅटलाही लागू आहे, आजच लिफ्ट मोजून ठेवा.

आता साहेबाच्या पलंगाविषयी, जरा नाजूक आहे पण बोलते. ‘गोऱ्या साहेबाने जाताना दिला’ हे रेल्वे, कस्टम आणि पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी केलेल्या किती तरी घरांत ऐकायला मिळतं. खरं असेलही. पण घेणारा गोष्टीला पैसे देत नाही, कागदाला देतो. पलंग मागे दिसणारा लग्नातला जुना फोटो, आजोबांचं सर्व्हिस बुक, साहेबाची चार ओळींची चिठ्ठी, एखादं बिल, असं काही आईच्या ट्रंकेत सापडलं तर ते पलंगाच्या गादीखाली नव्हे, फाइलमध्ये ठेवा. आणि गोष्ट खरी धरली तरी ती पलंगाचं वय सांगत नाही. जीआयपीची मध्य रेल्वे झाली नोव्हेंबर १९५१ मध्ये. साहेब स्वातंत्र्याच्या सुमाराला गेला असेल, तर पलंग त्याने दहा वर्षांपूर्वी करून घेतलेला असेल किंवा त्यानेही कोणाकडून तरी जुनाच घेतला असेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत शिसवीवर दाट कोरीव काम केलेलं फर्निचर बनत असे, संग्राहक त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणतात आणि त्याला चांगली किंमत देतात. पुढे त्याच्या साध्या नकलाही खूप झाल्या. तुमचा पलंग यांपैकी काय आहे ते पलंगालाच विचारावं लागेल.

त्यासाठी एक रविवार काढा. तिघं भावंडं एकत्र असाल तर उत्तम. टॉर्च, टेप आणि मोबाइल घ्या, पाठीचा त्रास असलेल्याला फोटो काढायला बसवा आणि प्रत्येक वस्तू उलटी करा. वरची बाजू सजवलेली असते, खालची बाजू खोटं बोलत नाही.

पलंगाच्या पाट्या काढा आणि आडव्या पट्टीची खालची, पॉलिश न लागलेली बाजू बघा. खरं शिसम जांभळट तपकिरी, मधून काळसर रेषा असलेलं आणि हाताला जड लागतं. सोनेरी तपकिरी, थोडं तेलकट लाकूड निघालं तर ते सागवान, वरून काळं केलेलं. यात फसवणूक नव्हती, शिसवीची ऐट परवडणाऱ्या दरात हवी असणारी घरं तेव्हाही होती. सांध्यांवर पटाशीने मारलेल्या खुणा, एक रेघ, दोन रेघा, तीन, दिसल्या तर आनंद माना. कुठला तुकडा कुठल्या खाचेत जातो ते सुताराने त्यावर लिहून ठेवलं आहे. चारही कोपऱ्यांच्या खुणा जुळल्या तर पलंग अखंड एकाच जन्माचा आहे. जुळत नसतील तर दोन पलंगांचा एक केलेला असू शकतो.

गोल टेबलाची चाचणी मला फार आवडते. टेपने त्याचा व्यास रेषांच्या दिशेने मोजा, मग रेषांना आडवा मोजा. लाकूड वर्षानुवर्षं रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून अखंड लाकडाचं जुनं गोल टेबल खरं तर किंचित लांबट झालेलं असतं. दोन्ही मापं मिलिमीटरपर्यंत सारखी आली तर फळी नवी असण्याची किंवा खाली प्लायवूड असण्याची शंका घ्या.

स्क्रू आणि कुलपं ही दुसरी साक्ष. एक स्क्रू हळूच सोडवून बघा. टोक बोथट आणि डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली असेल तर तो बराच जुना, टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळले. डोक्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असेल तर तो १९३०च्या दशकाच्या मध्याआधीचा नाहीच. एखादा असा स्क्रू दुरुस्तीतला असतो, सगळेच तसे असतील तर वस्तूचं वय तिथेच ठरलं. पेटाऱ्याच्या किंवा कपाटाच्या कुलपावर गोदरेजचं नाव असेल तर ते कुलूप १८९७ नंतरचं, कारण कंपनीच तेव्हा सुरू झाली. कुलूप बदललेलं आहे का ते आजूबाजूच्या लाकडावर जुन्या खिळ्यांची बुजवलेली भोकं आहेत का यावरून कळतं.

आरशावर काळे डाग पडले असतील तर काच बदलून घेऊ नका. डाग हे वयाचंच लक्षण आहे आणि घेणाऱ्याला ते चालतात. नवी काच मात्र लगेच ओळखू येते. आरामखुर्चीचा वेत फाटला म्हणून प्लॅस्टिकची पट्टी विणून घेऊ नका, फाटकीच दाखवा. लांब हातांखालून पाय टाकायच्या दांड्या बाहेर फिरतात ना? त्या शाबूत असतील तर खुर्ची चांगलीच. माझं मत विचारलंत तर ती विकू नका. खुर्चीला दारात जे पैसे येतील त्याहून वेत विणून घेऊन बाल्कनीत टाकलेली ती जास्त कामाची.

फोटो काढताना प्रत्येक वस्तूचे समोरून, मागून, खालून, खण बाहेर काढून, सांध्याचा, कुलपाचा आणि मोडक्या भागाचाही फोटो घ्या. मोडकं लपवलं की पुढचा माणूस सगळ्यावरच संशय घेतो. लांबी-रुंदी-उंची इंचांत लिहा.

हे हातात आलं की मग विचारायला निघा. विचारताना एक पथ्य पाळा : किंमत सांगणारा आणि विकत घेणारा एकच माणूस नसावा. मुंबईत पंडोल्स, अस्तागुरू, सॅफ्रनआर्ट अशी लिलावगृहं आहेत. चित्रांसाठी त्यांचं नाव जास्त ऐकलं असेल, पण फर्निचरचेही लिलाव त्यांनी केले आहेत. फोटो आणि मापं ईमेलने पाठवा. ते पाचांतली एखादी वस्तू निवडतील किंवा एकही नाही. नकार आला म्हणजे वस्तू कवडीमोल असं नव्हे, त्यांच्या गिऱ्हाइकाला लागेल अशी ती नाही एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या जुन्या लिलावांत कुठली वस्तू कितीला गेली ते बघता येतं, आणि तो पैसा खरोखर मोजला गेलेला असतो. इंटरनेटवर लोक जाहिरातीत टाकतात ते मागितलेले आकडे. मागायला काय, कोणीही पाच लाख मागतं. लिलावात विकायचं ठरलंच तर कमिशन, वाहतूक आणि पैसे हाती येण्याची मुदत आधी लेखी विचारून घ्या. तुमची मेअखेर त्यांच्या वेळापत्रकात बसेलच असं नाही.

बाजाराचा अंदाज घ्यायला चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला आणि जोगेश्वरीजवळच्या ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या दुकानांत चक्कर मारा. मटण स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात, तेवढं बघून जा. एका दुकानात गिऱ्हाईक म्हणून तसल्याच टेबलाचा भाव विचारा. दुसऱ्या दुकानात आपल्या टेबलाचे फोटो दाखवून “घेणार का?” विचारा. असे दोन-चार आकडे जमले की दारातला भाव आणि दुकानातला भाव यांच्यामधलं अंतर तुम्हाला कोणी समजावून सांगायची गरज उरणार नाही. तिथली प्रत्येक वस्तू जुनी असते असंही समजू नका. जुन्या तुळयांच्या लाकडातून काल केलेलं टेबलही तिथे शेजारीच उभं असतं, आणि तेही सुबक असतं.

लेखी मूल्यांकन अहवाल सगळ्यांना लागत नाही. विमा काढायचा असेल किंवा भावंडांत खरंच वाद असेल तरच तो खर्च करा. फी ठरावीक रकमेची असावी, किमतीच्या टक्क्यांत नव्हे. टक्केवारीवाल्याचा आकडा फुगतोच. इमारतीच्या पुनर्विकासासाठी आलेल्या मूल्यांकनकाराकडून हे करून घेऊ नका. त्याचा शिक्का जमीन-इमारतीचा, शिसवीचा नव्हे. विम्याचं म्हणाल तर १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत मौल्यवान आणि दुर्मीळ वस्तूंसाठी, आधी ठरवलेल्या किमतीवर, वेगळं संरक्षण घेता येतं. नुसत्या घरसामानाच्या विम्यात जुनं फर्निचर जुनं सामान म्हणूनच मोजलं जायची भीती असते.

चुलतभावाचा पेटारा. १९७२ च्या पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू (कायद्याच्या भाषेत ‘पुरावशेष’) खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती स्वतःच्या आजोबांची का असेना. त्यात तुरुंगवासाची तरतूद आहे. शंभरीच्या आतला पेटारा जाऊ शकतो, पण कस्टमवाल्याला तो नुसता बघून वय कळत नाही. त्यासाठी वस्तू पुरावशेष नाही असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावा लागतो. पेटारा शिसवी निघाला तर आणखी कटकट : शिसमाच्या जातीचं लाकूड २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या यादीत आहे. आणि पेटाऱ्यावर किंवा पलंगावर पांढरं जडावकाम असेल, ते हाड नसून हस्तिदंत असेल, तर परदेशच काय, इथेही विकू नका. वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे. चुलतभावाला पेटाऱ्याचा छानसा फोटो पाठवा.

कराची काळजी फारशी नको. वारशाने आलेल्या वस्तूवर आपल्याकडे कर नाही, इस्टेट ड्युटी १९८५ मध्येच रद्द झाली. घरात वापरलेलं फर्निचर विकलं तर ते वैयक्तिक वापराची वस्तू धरतात, त्यावर भांडवली नफ्याचा कर सहसा लागत नाही. चित्रं, मूर्ती, दागिने यांना मात्र ही सूट नाही. घरात जुनी तसबीर किंवा मूर्ती असेल तर सीएला वेगळं विचारा.

उरली वाटणी. आईबाबांचं मृत्युपत्र नसेल तर तिघांचा वाटा सारखा. धाकट्याने माणूस आणला म्हणून निर्णय त्याचा होत नाही, आणि तुम्ही ठाण्यात राहता म्हणून तुमचाही नाही. मला माहीत असलेल्यांत सगळ्यांत कमी रुसवेफुगवे होणारी रीत सांगते. रविवारची तपासणी आणि बाजाराची चौकशी झाल्यावर वस्तूंची यादी करा. प्रत्येकाने प्रत्येक वस्तूपुढे, मी एवढ्याला ही घेईन, असा आकडा लिहायचा, नको असेल तर शून्य, आणि पाकिटं एकदमच उघडायची. ज्याचा आकडा मोठा त्याला वस्तू, आणि त्याने इतर दोघांना एक-एक तृतीयांश द्यायचा. तुम्ही टेबलापुढे १५ हजार लिहिलेत आणि ते तुम्हाला आलं, तर भावाला ५ आणि बहिणीला ५ हजार. पलंग दोन लाखांचा आहे असं बहिणीला मनापासून वाटत असेल तर तिने दोन लाख लिहावेत आणि पलंग खुशाल पुण्याला न्यावा. बहुतेक वेळा पाकिटातला आकडा तोंडातल्या आकड्यापेक्षा बराच शहाणा निघतो. तिघांनीही शून्य लिहिलेल्या वस्तू तेवढ्या विकायच्या, आणि त्यांचा हिशेब लेखी, पैसे शक्यतो बँकेतून.

त्या माणसाला नाही म्हणू नका. त्याचे ६० हजार हा तुमच्या हातातला पहिला आकडा आहे, अजून दोघांना बोलावून दुसरा-तिसरा मिळवा. फक्त घर कधी रिकामं करायचं आहे ते कोणालाही सांगू नका. भावालाही बजावा. मेअखेर कळली की सगळे मेच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात.

जे ठेवाल ते हलवताना पलंग आणि कपाट सुट्टं करून न्या. जुन्या कामात खाच आणि कुसू (खाचेत घट्ट बसणारं लाकडाचं टोक) असतात, माहीतगार सुताराने हळू ठोकलं तर सांधे सुटतात. घाईतला हमाल मात्र पहारीने उचकटतो. प्रत्येक सांध्यावर खडूने जोडनंबर घाला, स्क्रू आणि बोल्ट वस्तूगणिक वेगळ्या पिशवीत घालून तिच्याच खणात बांधा. भावाकडे नेरुळला तात्पुरतं ठेवणार असाल तर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका, जूनमध्ये आत बुरशी धरेल. जुन्या सुती चादरी घाला, खाली विटांचे तुकडे देऊन जमिनीपासून उचला, आणि भिंतीला चिकटवू नका.